वडी म्हटली की गरम पाडायची

अक्का, तुमची ती लाकडी मुठीची सुरी अजून माझ्या पर्समध्येच आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलीय, तरी रिक्षात बसताना टोचते. रोज काढून ठेवीन म्हणते आणि रोज राहतं. परवा भाऊंनी पाहिली. म्हणाले, जपून हं, पोलीस धरतील. तुमचा नवरा आहे तसाच आहे, त्याची काळजी करू नका.

सुतक फिटून गंधमुक्ती झाली, पाहुणे गेले, सतरंज्या मंडपवाल्याकडे परत गेल्या. येणारा प्रत्येक जण तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलून गेला. मायाळू होती, कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, देवमाणूस होती. मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, अहो, या बाईबरोबर एकदा वड्या पाडून बघा, मग सांगा देवमाणूस. धीर नावाची गोष्ट तुमच्याजवळ औषधालासुद्धा नव्हती. एक बाई तर मला विचारून गेली, सख्खी बहीण का हो तुमची? मी म्हटलं, नाही, जाऊ. मोठी जाऊ. तिला ते खरं वाटलं नाही. आपण भांडायचो कशा ते तिने ऐकलेलं नव्हतं ना.

तर ते भांडण अर्धवट राहिलंय अक्का. मिटवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून बसलेय लिहायला.

सुरुवात झाली ती पल्लवीच्या नोकरीपासून. माझी लेक लॅबमध्ये लागली, रक्त तपासायला. उजाडायच्या आत घरून निघायची, पोटात फक्त चहा. तुम्हाला ते बघवेना. पिंप्राळ्यातल्या आपल्या गल्लीने पाहिलंय, पोळीची गुंडाळी हातात घेऊन तुम्ही स्कूटीमागे फाटकापर्यंत धावताय आणि ती ओरडतेय, "मोठी आई, वेळ नाही गं!" माणूस अनशापोटी घराबाहेर पडलं म्हणजे तुमच्या लेखी घराचीच बेअब्रू.

मला तुमचा हा स्वभाव तिच्या जन्माच्या आधीपासून माहीत होता. धुळ्याहून लग्न होऊन आले त्या पहिल्या सकाळी पूजा काही संपता संपेना. सासूबाई, भटजी, नातेवाईक, सगळे देवघरासमोर, आणि मी नवी नवरी भुकेने पिवळी पडलेली. तुम्ही मला साडी नीट करायच्या निमित्ताने दाराआड ओढलंत आणि हातात एक सोललेलं केळं कोंबलंत. "खाय पयले. देवाले काई भूक नाई लागत." मी दोन घासांत ते संपवलं आणि तुम्ही साल पदराखाली लपवून बाहेर गेलात, जणू काही झालंच नाही. त्या केळ्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. आता बोलते. तशी केळी पुन्हा मिळत नाहीत, अक्का.

तर पल्लवीने एक दिवस फोनवर व्हिडिओ दाखवला. कोणी एक गोरी बाई ओट्समध्ये फळं कालवते, ओव्हनमध्ये भाजते आणि लांबट तुकडे कापते. ओट्स बार म्हणे. बाकी तुमच्या डोक्यात काही शिरलं नाही. त्या बाईने तो तुकडा एका हातात धरून दुसऱ्या हाताने गाडी सुरू केली, तेवढं मात्र पक्कं शिरलं. तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिलंत आणि दुपारी ओट्सचं पाकीट घरात हजर. चिमूटभर तोंडात टाकून म्हणालात, "हे तं ढोरायचं खाद्य हाये वं." पण माघार घेणाऱ्यांतल्या तुम्ही नव्हतात.

त्यात तुमच्या माहेरहून, रावेरकडून, केळीचा घड आलेला. पुण्यामुंबईकडच्या माणसाला ही आफत कळायची नाही. तिकडे केळी डझनाने येतात, आपल्याकडे घड येतो आणि घड पिकला की एकदम पिकतो. मग शिकरण, मग केळ्याची भजी, मग शेजारी वाटप. शेवटी शेजारी आपल्याला बघून दार लावून घेतात. त्या पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांना तुमच्या ओट्सने वाली मिळवून दिला. केळी कुस्करायची, खजूर वाटून घालायचा, भाजलेले दाणे, तीळ आणि मेहरूणच्या बोरांचा वाळवलेला गर. साखर नाही, गूळ नाही. त्या बोरांपायी भाऊंचा दात हलला ते आठवतं? एक बी राहून गेली होती. तुम्ही उलट त्यांनाच म्हणालात की बघून चावायचं असतं.

आणि ती मोहाची फुलं! सातपुड्यातून कोणीतरी वाळवलेली फुलं आणून दिली होती. मनुकांसारखी गोड लागतात म्हणून तुम्ही मूठभर घातलीत. गल्लीत बातमी फुटायला वेळ लागतो का? त्यातच आमचे हे, तुमचे धाकटे दीर, फाटकात उभे राहून भिशीच्या बायकांना सांगत होते की वहिनी घरात नाहीत, बारचं सामान आणायला गेल्यात. बार आणि त्यात मोह. तुमची अब्रू गल्लीच्या तोंडी लागली. आठवडाभर बायका तुमच्या जवळून जाताना हळूच वास घेत होत्या.

त्या दिवसापासून बार हा शब्द आपल्या घरात बंद. तुम्ही फर्मान काढलंत, याला वडी म्हणायचं. ओटाची वडी. पल्लवी म्हणाली, मोठी आई, ही वडी नाहीये, वडी शिजवतात, हे भाजतात. तुम्ही म्हणालात, चौकोनी हाये, ताटात थापते, सुरीने कापते, मग वडी नाही तं काय? मी तेव्हा हसले. अक्का, मी तिथेच तुम्हाला अडवायला हवं होतं. कारण सगळा घोटाळा त्या एका शब्दाने केला.

वडी म्हटलं की तुमचे हात आपोआप चालायला लागायचे. खोबऱ्याची असो, दाण्याची असो, वडी गरम असतानाच पाडायची, गार झाली की संपलं, सुरीसुद्धा आत जात नाही. हे तुम्हाला तुमच्या आईने शिकवलेलं, मलाही माझ्या आईने तेच शिकवलेलं. पण भाजलेल्या ओट्सचं उलटं असतं. ते गरम असताना कापलं की भुसभुशीत होऊन पसरतं, गार झालं की मग घट्ट बसतं. पल्लवीने व्हिडिओ थांबवून दाखवलं, ती गोरी बाई ताट बाजूला ठेवून बाहेर फिरून येते. तुम्ही म्हणालात, तिले कामं नसतील.

घरात मी हौसेने छोटा ओव्हन आणला होता. तुम्ही त्याला टीव्ही म्हणायचात. त्यात तुमचं ताट मावेना आणि लाईट ऐन वेळेला जायची. मग तुम्ही सरळ बाजारातल्या बेकरीत गेलात. दिवाळीच्या आधी आपण नानकटाईचं सामान घेऊन तिथे नंबर लावून बसतो, घरचं पीठ, घरचं तूप, भट्टी फक्त त्यांची, तसंच. बेकरीवाले चाचा तुमचं ते कालवण बघून म्हणाले, "ये क्या है अक्का, घोडे की नानकटाई?" पण ट्रेला तूप लावून दिलं आणि ब्रेड निघाल्यावर भट्टीची धग उतरली की तुमचा ट्रे आत सरकवायचं ठरलं. पहिल्यांदा तो ट्रे बाहेर आला तेव्हा काय वास सुटला होता! केळ्याचा, भाजल्या तिळाचा. रस्त्यावरचे लोक विचारायला थांबले. आणि तुम्ही पिशवीतून ही सुरी काढलीत.

"ठंडा होने दो अक्का, बिखर जाएगा," चाचा म्हणाले. मी म्हटलं, अक्का थांबा. तुम्ही कोणाचं ऐकलंय कधी? सुरी घातलीत आणि सगळा ट्रे मोकळा झाला, वाळूच्या ढिगासारखा. माझं टाळकं सरकलं. आणि मला राग आला की तोंडातून धुळ्याची अहिराणी बाहेर पडते. मी म्हटलं, "बठ्ठा चुरा व्हई गया!" तुम्ही तोच सूर धरून माझी नक्कल केलीत, बठ्ठा चुरा व्हई गया, बठ्ठा चुरा व्हई गया. चाचांसह सगळी बेकरी हसली. मीही हसले, न हसून सांगते कुणाला.

त्यानंतर दर रविवारी तोच खेळ. तुमची घाई, माझं "थांबा", चाचांचं "ठंडा होने दो", आणि घरी डबाभर चुरा. मी एकदा विचारलं की थांबायला काय जातं तुमचं? तुम्ही म्हणालात, "थांबू कायले? वडी म्हटली की गरम पाडायची." त्यावर वाद घालणार कसा? खरं तर चुऱ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. गरम दुधात घातला की इतका छान लागायचा की भाऊ वाटीला बोट लावून पुसायचे. एकादशीलाही तुम्ही तो चालवलात. म्हणालात, ओट आपल्या वावरात पिकतं का, नाई ना, मंग उपासाले चालतं, साबुदाणा तरी कुठी पिकतो. भटजींना विचारायची कुणाची छाती झाली नाही. तक्रार एकच होती. ज्याच्यासाठी सगळं मांडलं, ते पल्लवीच्या एका हातात बसेना. तिला घरून निघायच्या आधी वाटी आणि चमचा घेऊन बसावं लागायचं. पण मग ती बसायची, हेही खरं. तुमच्यासमोर पाटावर, स्कूटीची किल्ली मांडीवर ठेवून, दूध फुंकत.

मग तिला नाशिकची नोकरी लागली. मोठी लॅब, चांगला पगार, मुलींबरोबर खोलीत राहायचं. घर खूश, तुम्ही सोडून. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसलात. तिकडे हिच्यामागे कोण धावणार, तुम्ही विचारलंत. हिला दूध तापवून कोण देणार? नुसता चहा पिऊन जाईल. आणि मग म्हणालात की हिच्याबरोबर अख्ख्या वड्या द्यायच्या, डबाभर, एका हातात धरता येतील अशा. चुरा नाशिकला चालणार नाही.

मी संधी साधली. म्हटलं, मग या वेळी थांबायचं. देवासमोर कबूल करा. तुम्ही देवाकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि अगदी जिवावर आल्यासारखं म्हणालात, "बरं वं. थांबते."

त्या दिवशी तुम्ही एकट्याच बेकरीत गेलात. मी घरी मेथी निवडत होते. बऱ्याच वेळाने फाटक वाजलं, तुम्ही आत आलात, स्वयंपाकघरात शिरलात आणि कपाटातून सुरी घेतलीत. म्हणालात, ट्रे निघाला, सुरी घरीच राहिली, चाचाची सुरी मले नाई चालत. मी म्हटलं, अक्का, कबूल काय केलं होतं? तुम्ही सुरी घेऊन वळलात. बाहेर जाऊन बंगईवर झोके घेत बसलात. "जरा बसते वं, मंग जाते." बंगईची कडी दोनतीनदा कुरकुरली. मी चहा टाकला. म्हटलं बसल्यात तर बसू देत, तेवढाच ट्रे गार होईल.

चहा घेऊन बाहेर आले तर बंगई थांबलेली. तुम्ही मागे टेकून डोळे मिटलेले, सुरी मांडीवर. मी म्हटलं, "बघा, थांबता येतं की नाही?"

अक्का, मी तुमच्याशी शेवटचं बोलले ते हे. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसेल म्हणाले. मी रडले, खूप रडले, आणि रडतानाच मला तुमचा रागही आला होता. आयुष्यात एकदा थांबलात, तेही अशा.

ट्रेची आठवण कुणालाच नव्हती. तिसऱ्या दिवशी बेकरीवाले चाचा आले. अंगात स्वच्छ शर्ट, हातात तो ट्रे, त्यावर पांढरा पंचा. दारातच उभे राहिले. भाऊंच्या हातात ट्रे दिला आणि म्हणाले, "अक्का का है. किसी ने काटा नहीं, मैंने भी नहीं." आणि मान खाली घालून गेले.

सुतकाचं घर. शेजारून पिठलं-भाकरी येत होती, गोडाला हात नाही. ट्रे ओट्यावर ठेवला आणि सगळे त्याच्याभोवती उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, सुतकात गोड खाऊ नये, गाईला घाला. तेव्हा भाऊ म्हणाले, "यात साखर कुठे आहे? ती म्हणायची ना, यात साखर नाही, गूळ नाही, हे गोड नाहीच. आणि एकादशीला चालतं ते सुतकाला चालेल." मग ते हसले. तुम्ही गेल्यावर घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल तर ते तुमच्या त्या उपासाच्या कायद्यामुळे. पल्लवी हसता हसता खाली बसली आणि रडायला लागली.

मी सुरी घेतली. तुमचीच. कापलं. अक्का, कशी सांगू तुम्हाला? सुरी सरळ गेली. एक कण हलला नाही. आडव्या रेघा, उभ्या रेघा, आणि उचलली तर अख्खी वडी हातात. कडा धारदार, मध्ये बोराचा लाल ठिपका. व्हिडिओतल्या बाईचीसुद्धा इतकी सुबक नव्हती. मी जिंकले होते. इतकी वर्षं नणंदा-जावांच्या भांडणांत कुणी जिंकलं असेल की नाही कोण जाणे, पण मी जिंकले होते, आणि कबूल करायला समोर तुम्ही नव्हतात. मी एक वडी हातात धरून उभी राहिले. असं जिंकण्यात काही राम नसतो हो.

प्रत्येकाने एकेक खाल्ली. सुरी धुऊन परत कपाटात ठेववेना, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये टाकली. उरलेल्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि गंधमुक्ती झाल्यावर पल्लवी तो डबा घेऊन नाशिकला गेली. स्टेशनवर तिने डबा पिशवीत ठेवला नाही, मांडीवर घेऊन बसली. तुमची इच्छा पुरी झाली अक्का. एका हातात धरता येतील अशा वड्या, लेकीबरोबर, परगावी.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. सुरी तुम्ही कधी विसरला नव्हतात. मंगळसूत्र एक वेळ विसराल, सुरी नाही. मग त्या दिवशी ती घरी कशी राहिली? मुद्दाम ठेवून गेलात का, गरम ट्रे समोर आल्यावर हात आवरणार नाही म्हणून? आणि मग आवरलं नाही म्हणून परत आलात? की खरंच थांबायचंच ठरवलं होतं आणि वेळ काढायला घरी आलात? मी बंगईवर बसून विचार करते. एकदा वाटतं हे, एकदा ते. तुम्हाला ओळखते म्हणून पहिलंच खरं वाटतं. गंमत म्हणजे दोन्ही वेळा मला हसू येतं.

पल्लवीचा फोन काल सकाळी आला, लॅबला जायच्या आधी. मी लगेच विचारलं, खाल्लंस का? ती म्हणाली खाल्लं. वडी हातात धरून? ती आधी हसली. मग म्हणाली, "आई, अख्खी नाही गं खाववत. मोठ्या आईसारखी लागत नाही. मी दूध तापवलं आणि कुस्करून खाल्ली." मैत्रिणी विचारत होत्या म्हणे, एवढी छान वडी चुरतेस कशाला. तिने त्यांना सांगितलं, आमच्याकडे ही अशीच खातात. आणि रोज बसून खाते म्हणाली, वाटी-चमचा घेऊन. नाशिकला तुमच्याशिवायही ती बसते, अक्का. अनशापोटी जात नाही.

आज रविवार. तुमच्या भावाने पुन्हा घड पाठवलाय, पूर्ण पिकलेला, काय करणार? केळी कुस्करली, खजूर वाटला, बोरं घातली, बिया दोनदा बघितल्या. बेकरीत गेले. चाचांनी ट्रेला तूप लावलं आणि विचारलं, "क्या बना रहे, बार?" मी म्हटलं, नाही, वडी. ट्रे बाहेर आला. तोच वास, केळ्याचा, तिळाचा. मी पर्समधून सुरी काढली. चाचा म्हणाले, "ठंडा होने दो." मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं असावं. पंचाने ट्रेची कड धरून उभे राहिले.

गरम असतानाच पाडल्या. बठ्ठा चुरा व्हई गया, अक्का. घरी आलेय आणि भाऊ वाटी घेऊन बसलेत. दूध तापत ठेवलंय.